क्रेडिट कार्डाचा अर्ज नाकारला, आता पुढे काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे २९ वर्षांचे, मूळचे यवतमाळ जिल्ह्यातले. बुटीबोरी एमआयडीसीत एका कंत्राटदारामार्फत कामाला आहेत. हातात ३८,००० रुपये पगार येतो, तो बँकेत जमा होतो. राहायला नागपूरच्या बेसा भागात भाड्याने. महिन्याभरात तीन बँकांकडे क्रेडिट कार्डासाठी अर्ज केले, पहिला एका मॉलमधल्या काउंटरवर आणि बाकीचे दोन मोबाईलवरून. तिन्ही नाकारले गेले. कारण काय, तर ‘बँकेच्या अंतर्गत धोरणानुसार’. अ‍ॅपमध्ये क्रेडिट स्कोअर (कर्जफेडीच्या सवयीला दिलेला गुण) ७४२ दिसतो. दुचाकीचा ३,२०० आणि मोबाईलचा २,००० रुपये हप्ता चालू आहे, एकही चुकलेला नाही. आणि शेवटी एक ओळ: ‘बाबांच्या ट्रॅक्टरच्या कर्जावर माझी सही आहे, पण ते कर्ज माझं नाही.’ चौथ्या बँकेत अर्ज करू का, असं ते विचारतात.

आत्ता करू नका. बहुतेक अर्जांबरोबर बँक तुमचा क्रेडिट अहवाल, म्हणजे तुमच्या कर्जांची आणि हप्त्यांची नोंद, मागवते आणि त्या मागणीची नोंद अहवालातच राहते. महिन्यात तीन नोंदी आणि एकही कार्ड निघालेलं नाही, हे चौथ्या बँकेचा अधिकारी पहिल्या मिनिटात बघतो. त्याला वाटतं, या माणसाला पैशाची फार निकड आहे आणि आधीच्या तिघांना काहीतरी दिसलं असणार. तुमची निकड तेवढी नसेलही, पण कागदावर तशी दिसते.

कर्ज आणि कार्डाचे अर्ज तपासण्याच्या कामात मी बरीच वर्षं काढली आहेत. नकार मिळालेला माणूस बहुतेक वेळा भलत्याच कारणावर उपाय करत असतो, हे मी वारंवार पाहिलं. पगार कमी असेल म्हणून तो फॉर्मात आकडा वाढवून लिहितो, स्कोअर कमी असेल म्हणून कुणाला पैसे देतो, आणि अडचण असते पत्त्यात. म्हणून आधी कारण शोधायचं. तोवर बाकी काही करायचं नाही.

पहिला धागा तुमच्या आठवणीत आहे. नकार किती वेळाने आला? अर्ज बँकेत गेला की तो लगेच माणसाच्या हातात पडत नाही. आधी संगणकाची चाळणी असते: वय, पिनकोड, किमान उत्पन्न, तुमची कंपनी बँकेच्या यादीत आहे की नाही. त्यातून पार पडला की क्रेडिट अहवाल मागवला जातो. मग कागदपत्रं, फोनवरची खातरजमा, काही वेळा घरी माणूस पाठवणं. नकार काही मिनिटांत आला असेल तर गाडी चाळणीत किंवा अहवालात अडकली. आठ-दहा दिवसांनी आला असेल तर पत्ता, फोन, कागद यांपैकी कशावर तरी शंका आली. त्या काळात ‘तुमचा क्रेडिट अहवाल अमुक बँकेने पाहिला’ असा संदेश आला होता का, तेही मोबाईलमध्ये शोधा. तो आला असेल तर अर्ज पहिल्या चाळणीच्या पुढे गेला होता.

दुसरा धागा बँकेकडे आहे आणि तो मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. रिझर्व्ह बँकेच्या कार्डविषयक निर्देशांत स्पष्ट म्हटलं आहे की अर्ज नाकारला तर त्याचं विशिष्ट कारण बँकेने लेखी कळवायचं. ‘अंतर्गत धोरण’ हे विशिष्ट कारण होत नाही. बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा. अर्ज क्रमांक, तारीख लिहा आणि तीन साधे प्रश्न विचारा: माझा क्रेडिट अहवाल कोणत्या कंपनीकडून मागवला होता? नकार अहवालातल्या नोंदीमुळे होता, की उत्पन्न, नोकरी किंवा पत्त्यामुळे? अहवालामुळे असेल तर कोणत्या खात्यामुळे? सगळ्याची उत्तरं मिळतीलच असं नाही, पण गोलमोल प्रश्नाला गोलमोल उत्तर येतं आणि नेमक्या प्रश्नाला निदान एखादा उपयोगाचा शब्द येतो. तिन्ही बँकांना वेगवेगळं लिहा. तिघांचं कारण एकच निघालं तर तुमचं निम्मं काम तिथेच झालं.

उत्तराची वाट बघत बसू नका, दरम्यान स्वतःचा अहवाल काढा. भारतात असे अहवाल तयार करणाऱ्या चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. प्रत्येकीने दर कॅलेंडर वर्षाला एक पूर्ण अहवाल फुकट द्यायचा, असा नियम २०१७ पासून लागू आहे. कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर जाऊन काढा. मध्येच पैसे भरायची पानं येतील, फुकट अहवालाचा दुवा शोधून तिथूनच घ्या. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने स्कोअर कमी होत नाही. ही भीती फार लोकांच्या मनात आहे, ती काढून टाका.

आता तुमच्या ७४२ विषयी. अ‍ॅप दाखवतं तो आकडा या चारपैकी कुणा एका कंपनीचा असतो, आणि बँकेने दुसरीचा अहवाल पाहिलेला असू शकतो. चौघींकडे सगळी माहिती एकाच वेळी, एकसारखी पोचलेली असेलच असंही नाही. शिवाय स्कोअर ३०० ते ९०० च्या पट्टीवरचा एक आकडा आहे. बँक तो बघते आणि मग आतली पानं उलटते. ७४२ वाईट नाही. पण कोणत्याही खात्यावर अलीकडची थकबाकी असेल तर ७४२ असूनही अर्ज पडतो. त्यामुळे आकडा सोडा, पानं वाचू या.

पहिल्या पानावर नाव, जन्मतारीख, पॅन, पत्ते आणि फोन नंबर असतात. लोक हे पान उलटून पुढे जातात, पण आपल्याकडे खूप गोंधळ इथेच असतो. पॅनवर आधी आडनाव, आधारवर आधी स्वतःचं नाव, बँकेत वडिलांचं नाव गाळलेलं. लग्नानंतर सासरी नाव बदललेल्या बायकांची तर आधार, पॅन आणि पासबुक अशी तीन नावं असतात. गावाकडे शाळेत नाव घालताना जन्मतारीख १ जून किंवा १ जुलै लावून दिलेली माणसं ढिगाने आहेत. त्यामुळे एकच नाव आणि एकच जन्मतारीख असलेले दोघे सहज सापडतात, आणि एकाचं जुनं कर्ज दुसऱ्याच्या अहवालात येऊन बसतं. तुमच्या अहवालात ओळखीचं नसलेलं खातं किंवा कधी राहिलाच नाहीत असा पत्ता दिसला तर तो लगेच टिपून ठेवा.

पुढे खात्यांची पानं येतात. प्रत्येक खात्याखाली महिन्यांच्या चौकटी असतात, सिबिलमध्ये साधारण गेल्या ३६ महिन्यांच्या. चौकटीतला आकडा म्हणजे हप्ता किती दिवस थकला होता. तीन शून्यं असली की सगळं ठीक. ‘एसटीडी’ असलं तरी काळजीचं कारण नाही. ‘एक्सएक्सएक्स’ म्हणजे त्या महिन्याची माहिती बँकेने कळवलीच नाही. ३१, ५९, ९० असे आकडे दिसले की थांबायचं. खात्याच्या शेऱ्यात ‘सेटल्ड’ (कमी रकमेत मिटवलेलं) किंवा ‘रिटन ऑफ’ (बँकेने बुडीत धरलेलं) असेल तर त्याहून जास्त वेळ थांबायचं.

तुमच्या बाबतीत मी सगळ्यात आधी ट्रॅक्टरचं खातं उघडेन. तुम्ही लिहिलंत की ते कर्ज तुमचं नाही. कायदा तसं मानत नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १२८ नुसार, करारात वेगळं काही ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. कर्ज देणारी संस्था ते खातं तुमच्या अहवालातही कळवते आणि तिथे तुम्ही जामीनदार म्हणून दिसता. आणखी एक शक्यता आहे. वडील साठीच्या आसपास असतील तर वित्तसंस्था अनेकदा कमावत्या मुलाला जामीनदाराऐवजी सहकर्जदार करते. सही करताना दोन्हींत फरक कळत नाही, कागद तेवढेच, जागा तीच. सहकर्जदार असाल तर ते कर्ज सरळसरळ तुमचंच आहे. कराराची प्रत घरी असेल तर काढा. नसेल तर शाखेतून मागा.

शेतीच्या कर्जात काय होतं ते सांगतो, कारण शहरातल्या कार्ड विभागातल्या माणसाला हे सहसा माहीत नसतं आणि संगणकाला तर नसतंच. ट्रॅक्टरचा हप्ता पुष्कळदा सहामाही असतो, पीक हातात येईल त्या हिशेबाने. समजा हप्ता ३१ डिसेंबरचा आहे. कापूस वेचून झाला, विकलाही, पण चुकारे अडकले. बाबांनी १० मार्चला हप्ता भरला, वर दंडही भरला. घरात हा विषय संपला. गावातला वसुलीवाला माणूसही बाबांना ओळखतो, तो काही बोलला नाही. पण अहवालात जानेवारीअखेरच्या चौकटीत ३१ आणि फेब्रुवारीअखेरच्या चौकटीत ५९ असे आकडे उमटले, बाबांच्या अहवालात आणि तुमच्याही. दुचाकी आणि मोबाईलच्या तुमच्या सगळ्या चौकटी स्वच्छ असतील, तरी बँकेची नजर या दोन चौकटींवर जाते. बाबांनी काही लपवलं असंही नाही. मुलाच्या अर्जावर याचा परिणाम होतो, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

रिझर्व्ह बँकेच्या सूचनेनुसार थकबाकी कळवताना संस्थेने ग्राहकाला एसएमएस किंवा ईमेल पाठवायचा असतो. त्या खात्यावर तुमचा नंबर नोंदवलेला आहे का, ते बघा. बहुतेक घरांत फक्त वडिलांचा असतो, तोही जुना. आधी तो बदलून घ्या.

मग खातेउतारा मागवा. आज थकबाकी आहे का, दंड किती लागला, पुढचा हप्ता कधी आहे, हे तीन आकडे काढा. थकबाकी असेल तर क्रेडिट कार्डाचा विषय बाजूला ठेवून ती आधी भरा, घरच्यांनी मिळून भरा. बाबांनी पैसे भरले असूनही अहवालात थकबाकी दिसत असेल, तर ती चूक दुरुस्त करून घेता येते. पण उशीर खरोखर झाला असेल तर ती नोंद कुणीही पुसू शकत नाही. पुढच्या चौकटींत शून्यं भरत जाणं एवढाच उपाय आहे. जुना ५९ आणि त्यानंतरची सलग शून्यं हे चित्र कालच्या ३१ पेक्षा पुष्कळ बरं दिसतं.

जामीन मागे घेता येईल का, असंही तुमच्या मनात येईल. चालू कर्जाचा जामीन आपल्या मर्जीने सोडता येत नाही. संस्थेला दुसरा योग्य जामीनदार मान्य झाला तरच नाव निघतं, आणि ते फार कमी वेळा होतं. त्यासाठी बाबांवर दबाव आणू नका. त्यापेक्षा हप्त्याची तारीख पिकाच्या पैशाशी जुळते का ते बघा. कापसाचा पैसा जानेवारी-फेब्रुवारीत हातात येत असेल आणि हप्ता डिसेंबरचा असेल, तर तारीख पुढे सरकवण्याचा लेखी अर्ज संस्थेला करता येतो. संस्था ऐकेलच असं नाही, पण नियमित खातं असताना केलेला अर्ज ऐकला जातो आणि थकल्यावर केलेला बहुधा नाही.

ट्रॅक्टरचं खातं स्वच्छ निघालं तर पुढे बघायचं ते विसरलेलं कार्ड. नोकरी लागताना पगार खात्याबरोबर कुणी कार्ड दिलं असेल, ते कधी वापरलं नसेल, आणि ५०० रुपये वार्षिक शुल्क व १८ टक्के जीएसटी मिळून ५९० रुपये त्यावर लागले असतील. घर बदललं, नंबर बदलला, बिल पोचलंच नाही. थकबाकी तीन दिवसांच्या पुढे गेली की बँक ती कळवू शकते, आणि वर्षभरात ती रक्कम व्याज-दंडासह वाढलेली असते. अशा खात्यावर ‘सेटलमेंट’ करू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. वसुलीवाला फोनवर म्हणेल, दोन हजारांत मिटवून टाकू. मिटतं, पण शेरा ‘सेटल्ड’ पडतो आणि पुढे गृहकर्जाच्या वेळी तो समोर उभा राहतो. पूर्ण रक्कम भरा, शुल्कमाफी मागायची असेल तर ती वेगळी लेखी मागा, ‘नो ड्यूज’ पत्र घ्या आणि खातं ‘क्लोज्ड’ म्हणून कळवायला सांगा.

अहवालात चूक सापडली तर तक्रार दोन ठिकाणी करा: अहवाल काढणाऱ्या कंपनीकडे ऑनलाइन आणि ती नोंद पाठवणाऱ्या बँकेकडे ईमेलने. कंपनी स्वतःहून नोंद बदलत नाही, ती बँकेला विचारते, म्हणून दोन्हीकडे कागद पोचलेला बरा. ३० दिवसांत निकाल लावायचा असतो. त्यातले २१ दिवस बँकेने माहिती दुरुस्त करून पाठवण्यासाठी. ३० दिवस उलटले तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई तक्रारदाराला द्यावी लागते, हा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. तक्रार नाकारली तर तिचं कारणही कळवावं लागतं. भरपाईची रक्कम मोठी नाही, पण तक्रारीच्या पहिल्याच ईमेलात या नियमाचा उल्लेख केला तर फाइल हलते. जानेवारी २०२५ पासून बँकांनी पंधरवड्याने किंवा त्याहून कमी अंतराने माहिती पाठवायची आहे, त्यामुळे दुरुस्ती झाली की ती अहवालात दिसायला पूर्वीइतका वेळ लागत नाही.

आता उत्पन्नाचा हिशेब. बँक मूळ पगार बघत नाही, हातात येणारा बघते, आणि त्यातले किती टक्के हप्त्यांत जातात ते काढते. तुमचे दोन हप्ते मिळून ५,२०० रुपये, म्हणजे ३८,००० च्या साधारण १४ टक्के. यात अडचण काही नाही. पण ट्रॅक्टरचा सहामाही हप्ता समजा ७५,००० असेल, तर महिन्याचे १२,५०० होतात. सहकर्जदार असाल तर बँक ते धरते, जामीनदार असाल तरी काही बँका धरतात. मग एकूण १७,७०० होतात आणि टक्केवारी ४७ च्या घरात जाते. कार्ड विभाग साधारण ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास हात आखडता घेतो. तेव्हा हप्ता कोण भरतो याचा पुरावा ठेवा. बाबांच्या खात्यातून जाणाऱ्या हप्त्यांचे वर्षभराचे उतारे काही बँका मान्य करतात.

हेच कारण सरकारी आणि निमसरकारी नोकरदारांच्या बाबतीत वेगळ्या रूपात येतं. जिल्हा परिषदेचे शिक्षक, कोळसा खाणीतले कर्मचारी, वीज कंपनीतले लोक मला सांगतात की आमचा पगार ७०,००० आहे आणि कर्ज काहीच नाही. पगारपत्रक पाहिलं तर त्यात कर्मचारी पतसंस्थेची मोठी कपात. हे कर्ज अहवालात बहुधा दिसत नाही, पण खात्यात जमा होणारी रक्कम त्याने घटते आणि बँक जमा रक्कमच पाहते.

तुमच्या नोकरीबद्दल एक गोष्ट. तुम्ही मोठ्या कारखान्यात काम करता, पण पगारपत्रक कंत्राटदाराचं आहे. फॉर्मात कंपनीच्या रकान्यात काय लिहिलं? कारखान्याचं नाव लिहिलं असेल आणि खात्यात पगार कंत्राटदाराच्या नावाने जमा होत असेल, तर तिथेच विसंगती पकडली जाते. हिंगणा आणि बुटीबोरीच्या पट्ट्यात हे नेहमी होतं. पगारपत्रकावर जे नाव आहे तेच लिहायचं. लहान कंत्राटदार बँकेच्या यादीत नसतो म्हणून नकार मिळू शकतो, पण तो नकार स्वच्छ असतो. खोट्या माहितीवरून आलेला नकार मागे लागतो. निरनिराळ्या बँकांकडे आलेले अर्ज ताडून बघणाऱ्या यंत्रणा आहेत, आणि एका अर्जात ३८,००० तर दुसऱ्यात ५५,००० पगार दिसला की तुमच्या नावापुढे शंकेची खूण पडते. मॉलमधल्या काउंटरवरचा पहिला अर्ज कुणी भरला होता? तिथल्या मुलाने स्वतः टॅबवर भरला असेल तर त्यात काय लिहिलं होतं, त्याची प्रत बँकेकडून मागवा. त्या मुलांना अर्जांची संख्या दाखवायची असते. आकडा किंवा हुद्दा त्यांनी परस्पर वाढवल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत.

पत्त्याचं म्हणाल तर नागपूरची स्वतःची अडचण आहे. आपले पत्ते लेआउट आणि प्लॉट नंबरचे. एकाच नावाचे दोन-तीन लेआउट, त्यात प्लॉट ३४ आणि ३४-अ, खूण म्हणून हनुमान मंदिर. खातरजमेला आलेला माणूस फिरून परत जातो आणि ‘पत्ता सापडला नाही’ असा शेरा मारतो. भाड्याने राहणाऱ्याचं आधारवरचं गाव वेगळं, घरमालक म्हणतो असं कुणी इथे राहत नाही. शिवाय शहराचे पिनकोड ४४० ने सुरू होतात आणि बुटीबोरी, हिंगणा, कामठी भागातले ४४१ ने. काही बँका ठरावीक पिनकोडांतच कार्ड देतात, आणि शहराला लागून असलं तरी ४४१ त्यांच्या यादीत नसू शकतं. नोंदणी केलेला भाडेकरार असेल तर आधारवर नागपूरचा पत्ता घालून घ्या, अर्जातही अक्षरशः तोच लिहा आणि घरमालकाला आधी सांगून ठेवा. पॅन आधारशी जोडलेलं आहे ना, तेही एकदा तपासा. निष्क्रिय पॅनवर कुणी पुढे जात नाही.

ज्यांना क्रेडिटचा इतिहासच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पहिल्यांदाच कर्ज मागणाऱ्याला निव्वळ इतिहास नाही एवढ्याच कारणावरून नाकारू नये, असं रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ च्या निर्देशांत बँकांना सांगितलं आहे. प्रत्यक्षात बँक इतर कारणं बघायला मोकळी असते. त्यामुळे अशांनी मुदत ठेवीवरच्या कार्डापासून सुरुवात करावी.

तुम्हालाही मी तेच सुचवेन. ट्रॅक्टरच्या नोंदीमुळे अडकला असाल तर पुढचे काही महिने वाट बघावी लागेल आणि तो काळ वाया घालवायचा नाही. ज्या बँकेत पगार जमा होतो तिथे २०,००० किंवा २५,००० ची मुदत ठेव करा आणि तिच्यावर कार्ड मागा. बहुतेक मोठ्या बँका असं कार्ड देतात. मर्यादा ठेवीच्या रकमेपेक्षा काहीशी कमी मिळते, ठेवीवर व्याज सुरूच राहतं, आणि ठेव तारण असल्यामुळे स्कोअरची अट फारशी आड येत नाही. हे कार्ड इतर कुठल्याही कार्डासारखंच अहवालात कळवलं जातं. वापर मर्यादेच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा कमी ठेवा, वीजबिल, मोबाईल, पेट्रोल एवढंच त्यावर टाका. बिलात ‘किमान देय रक्कम’ नावाचा लहान आकडा असतो, त्याकडे बघायचंच नाही, पूर्ण रक्कम भरायची. उरलेल्या रकमेवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं, वर्षाचे ४० टक्क्यांहून जास्त. गावाकडच्या सावकाराबद्दल आपण जे बोलतो ते दर याहून फार वेगळे नसतात. पूर्ण रक्कम आपोआप खात्यातून जाईल अशी सोय करून ठेवा.

पुन्हा साधा अर्ज कधी करायचा? कारण पत्ता किंवा कागदांचं असेल तर दुरुस्ती झाल्यावर तीन महिन्यांनी. थकबाकीचं असेल तर निदान सहा महिने सलग शून्यं दिसल्यावर, आणि ट्रॅक्टरचा पुढचा सहामाही हप्ता वेळेवर गेल्यानंतरच. अर्ज एकाच बँकेत करा, पगाराच्या. तिच्याकडे तुमच्या खात्याची उलाढाल असते, कंत्राटदाराचं नाव दर महिन्याला दिसतं, त्यामुळे यादीत नसलेली कंपनीही तिला तितकी खटकत नाही. ‘प्री-अप्रूव्हड’ असा एसएमएस आला म्हणजे मंजुरी झाली असं नाही. तो पहिल्या चाळणीतून काढलेला अंदाज असतो. पगाराच्या बँकेच्या स्वतःच्या अ‍ॅपमध्ये लॉगिन केल्यावर दिसणारा प्रस्ताव मात्र गंभीरपणे घ्यावा.

या काळात तुम्हाला फोन येतील. एकदा चार ठिकाणी अर्ज फिरला की नंबरही फिरतो. ‘सिबिल साफ करून देतो, ५,००० रुपये लागतील’ म्हणणाऱ्याच्या हातात काहीही नसतं. नोंद फक्त ती पाठवणारी संस्था बदलू शकते, आणि तिच्याकडे तुम्ही फुकट तक्रार करू शकता. कार्ड मंजूर करण्यासाठी आधी प्रक्रिया शुल्क भरा म्हणणारा, ओटीपी विचारणारा किंवा मोबाईलवर अ‍ॅप उतरवायला लावणारा सरळ फसवणारा आहे. पैसे गेलेच तर त्याच तासाला १९३० वर फोन करा, वेळ गेला की रक्कम अडवणं कठीण होतं.

बँकेने ३० दिवसांत कारण कळवलं नाही, किंवा चुकीची नोंद दुरुस्त केली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. ती ऑनलाइन होते, फुकट होते, माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे. सिव्हिल लाइन्समधल्या रिझर्व्ह बँकेच्या इमारतीत चकरा मारायची गरज नाही. क्रेडिट अहवालाच्या कंपन्याही २०२२ पासून या योजनेत आल्या आहेत. मात्र लोकपाल बँकेला ‘याला कार्ड द्या’ असं सांगत नाही. कार्ड द्यायचं की नाही हा बँकेचा व्यावसायिक निर्णय मानला जातो. कारण न सांगणं आणि चूक न सुधारणं, एवढ्यापुरतीच तक्रार लिहा. राग ओतलेल्या चार पानांपेक्षा तारखांसह लिहिलेल्या दहा ओळींचं काम लवकर होतं.

तेव्हा या आठवड्यात एवढं करा. तिन्ही बँकांना ईमेल, सिबिल आणि आणखी एका कंपनीचा अहवाल, आणि बाबांना फोन करून ट्रॅक्टरच्या कराराची प्रत व खातेउतारा. बाबांशी बोलताना कार्ड नाकारल्याचं आधी सांगू नका, ते उगीच स्वतःला दोष देतील. हप्ता कधी असतो आणि गेल्या दोन वर्षांत कधी मागे-पुढे झाला का, एवढंच विचारा. अहवाल हातात आला की ट्रॅक्टरच्या खात्यावर तुमचं नाव जामीनदार म्हणून आहे की सहकर्जदार म्हणून, आणि गेल्या २४ महिन्यांच्या चौकटींत कोणते आकडे आहेत, ते मला कळवा. पॅन, खाते क्रमांक आणि पत्ता झाकून पाठवा. ते पाहून सहा महिने थांबायचं की तीन, हे नेमकं सांगता येईल.